हिमातलं खुराडं: ऊब हवी की वारा?

अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून मिनेसोटा हे राज्य आहे. तिथल्या मिनियापोलिस शहरात जानेवारीतलं सरासरी किमान तापमान उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ३० जानेवारी २०१९ रोजी तर पारा उणे ३३ पर्यंत उतरला होता. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की आपल्याकडे वर्तमानपत्रांत छायाचित्रं छापून येतात. मिनेसोटातले तलाव महिनोन्‌महिने गोठलेले असतात आणि त्यांवरून लोक मोटारी नेतात. अशा मुलखात रीतसर परवाना काढून घरामागे चार-सहा कोंबड्या पाळणारी माणसं आहेत. दर हिवाळ्यात त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो: खुराड्यात कृत्रिम ऊब द्यायची की नाही?

या प्रश्नाला दोन प्रामाणिक बाजू आहेत. पहिली बाजू इथे मामा मांडतात. त्यांनी साताऱ्याकडे आयुष्यभर कुक्कुटपालन केलं. पक्षी जगवायचा तर त्याच्या भोवतीची हवा माणसाने सांभाळली पाहिजे, असं त्यांचं मत. दुसरी बाजू त्यांच्या भाचीची. ती मिनियापोलिसजवळ राहते आणि निरोगी कोंबडीला थंडीत दिव्याची ऊब देऊ नये, असं मानते. कोंबड्यांची काळजी दोघांना सारखीच आहे, म्हणून हा वाद ऐकण्यासारखा आहे. मामा हिवाळ्यात तिच्याकडे आले असताना खुराड्यापाशी हे बोलणं झालं.

मामा: स्पष्ट बोलतो पोरी, राग मानू नकोस. बाहेर उणे वीस आहे. घरात तुमची भट्टी रात्रंदिवस चालू. आणि हे सहा मुके जीव तू लाकडाच्या खुराड्यात ठेवलेस, आत साधा बल्बसुद्धा नाही. आमच्याकडे एक दिवसाचं पिल्लू आलं की ब्रूडरखाली पहिला आठवडा ३५ अंशांच्या आसपास ऊब राखतो, मग दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवत नेतो. रात्री वीज गेली तर पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि सकाळी खालची मेलेली सापडतात. थंडी कोंबडीचं काय करते, ते मी पाहिलंय.

भाची: राग कसला, मामा. पिल्लांचं तुम्ही सांगता ते तंतोतंत खरं. पण पिसं भरली की ब्रूडर तुम्हीच काढून घेता ना? पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, आणि स्वतःचं तापमान धरून ठेवायची ताकद अजून आलेली नसते. मोठ्या कोंबडीचं तसं नाही. तिचं अंग ४१ अंशांवर असतं आणि ती ऊब तिची तीच तयार करते. वरच्या पिसांखाली बारीक, मऊ पिसांचा थर असतो. ती अंग फुलवते तेव्हा त्या थरात हवा कोंडून राहते. ती हवाच तिचं पांघरूण. पावसाळा सरून दिवस लहान व्हायला लागले की जुनी पिसं झडतात आणि नवी, दाट पिसं येतात. डिसेंबर उजाडेपर्यंत ती थंडीला तयार झालेली असते.

मामा: तयार होते म्हणतेस, पण तिचं मूळ कुठलं? आपल्या सह्याद्रीत राखी रानकोंबडी आहे. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबडीपासून आली, तीही दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या उष्ण रानांतली. तुझ्या अंगणात तो काळ्या टोपीचा इवलासा पक्षी येतो ना दाणे टिपायला, तो इथलाच. त्याने पिढ्यान्‌पिढ्या ही थंडी पचवलीय. कोंबडीला इथे माणसाने आणलं. ज्याने आणलं, त्याने तिची सोय केली पाहिजे.

भाची: सोय केलीच पाहिजे. सोय कशाला म्हणायचं, एवढाच आपला वाद. तो चिकॅडी पक्षी जेमतेम दहा-बारा ग्रॅमचा. रात्री तो स्वतःच्या शरीराचं तापमान बरेच अंश खाली आणतो, तेव्हा कुठे त्याची दिवसभरात साठवलेली चरबी सकाळपर्यंत पुरते. अडीच किलोच्या कोंबडीला तसं करावं लागत नाही. शरीर जितकं मोठं, तितकी वजनाच्या मानाने कातडी कमी आणि उष्णताही कमी निसटते. तुमचा उष्ण रानाचा मुद्दा मात्र खराच आहे, इतिहासही तेच सांगतो. पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीचे अवशेष थायलंडमधल्या बान नॉन वाट इथले, इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातले, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटलंय. भूमध्य समुद्राकाठी कोंबडी इसवी सनपूर्व ८०० च्या सुमारास पोचली. पण तिथून स्कॉटलंड, स्कँडिनेव्हिया, आइसलंड अशा थंड मुलखांत रुजायला तिला आणखी जवळजवळ हजार वर्षं लागली.

मामा: हजार वर्षं! मग मी तरी काय वेगळं सांगतोय?

भाची: वेळ लागला, पण ती रुजली, आणि तेव्हा विजेचे दिवे नव्हते. ज्या कोंबड्या थंडीत तगल्या, त्यांचीच वीण पुढे चालली. पुढे माणसांनी हे काम ठरवून केलं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ओका इथे ख्रिस्ती साधूंचा मठ होता. तिथल्या ब्रदर विल्फ्रिड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या हिवाळ्यासाठीच एक जात घडवायला घेतली. त्यासाठी कॉर्निश, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, वायंडॉट आणि प्लायमाउथ रॉक अशा पाच जातींचा संकर त्यांनी केला. तुरा अगदी छोटा, डोक्याला चिकटलेला. चोचीखाली लोंबणारं लाल मांसही नावापुरतं. थंडी आधी चावते ती तिथेच, म्हणून ते भागच लहान केले. त्या जातीचं नाव शँटेक्लेर. १९२१ साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला मान्यता दिली. माझ्या सहांतल्या तीन त्याच आहेत.

मामा: आणि ती पांढरी? ती तर लेगहॉर्न. आमच्या अंड्यावरच्या कोंबड्याही त्याच रक्ताच्या, म्हणून मी लांबूनसुद्धा ओळखतो. एवढा मोठा एकेरी तुरा, करवतीसारखे दाते, एका बाजूला कललेला. आमच्याकडे उन्हाळ्यात तिला तो तुरा उपयोगी पडतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते आणि तुऱ्यातून, लोंबत्या मांसातून रक्त खेळवून अंगातली उष्णता बाहेर टाकते. उन्हाळ्यात जे दार उष्णता बाहेर सोडतं, ते हिवाळ्यात कसं बंद व्हायचं? तिचा तुरा गोठणारच.

भाची: हे तुमचं सगळ्यांत खरं बोलणं. सहांपैकी कुणाला धोका असेल तर तिलाच. हिमदंश झाला की तुऱ्याची टोकं आधी फिकट पडतात, मग काळी. कोंबड्याचा तुरा त्याहून मोठा आणि चोचीखालचं मांस लांब. पाणी पिताना ते बुडतं, ओलं होतं आणि ओल्यावर थंडी चावते. म्हणून इथे पाळायला लहान तुऱ्याची जात निवडावी, हे पहिलं. पण मामा, तिचा तुरा वाचवायला मी काय केलंय बघा. खुराड्याला छपराखाली दोन्ही बाजूंना जाळीच्या लांब खिडक्या आहेत. त्या उणे वीसमध्येही उघड्या असतात.

मामा: उघड्या? या थंडीत? माणूस दार-खिडक्या बंद करतो आणि तू जाणूनबुजून उघड्या ठेवतेस?

भाची: तुऱ्याचा खरा वैरी ओल आहे. सहा कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात, त्यातून वाफ निघते. ताज्या विष्ठेत तर तीन चतुर्थांश पाणीच असतं. खुराडं बंद केलं तर ही सगळी वाफ आत कोंडते आणि तुऱ्यावर, पिसांवर बसते. पिसं दमट झाली की त्यांतली हवा जाते आणि ऊब संपते. कोरड्या हवेत जी कोंबडी उणे वीस सहज काढते, तीच दमट हवेत त्याहून पुष्कळ कमी थंडीत जखमी होते. सकाळी खुराड्याच्या काचेवर आतून पाणी किंवा बर्फ दिसला, की समजायचं, हवा खेळत नाही. वरच्या खिडक्या आणखी उघडायच्या.

मामा: थांब, हे मला वेगळ्या वाटेने माहीत आहे. साताऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. पुष्कळ जण शेडचे पडदे खालपासून वरपर्यंत गच्च ओढतात. सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं की डोळे चुरचुरतात, इतका अमोनिया साठलेला असतो. मग पक्ष्यांना सर्दी, घरघर, अंडी कमी. म्हणून मी कामगारांना सांगायचो, पडदा खालून बांधा, वरची फूट-दीड फूट जागा मोकळी सोडा. गरम, घाण हवा वर चढते. तिला वाट मिळाली की ती आपोआप जाते.

भाची: मग तुम्ही साताऱ्यात जे करत होता, तेच मी मिनेसोटात करते. खाली कोंबड्या बसतात तिथे एकही फट नाही, झोत त्यांच्या अंगावर येत नाही. वर मात्र वाफेला वाट आहे. इथेही शंभर वर्षांपूर्वी हाच वाद झाला होता. त्या काळी काचा लावून खुराडी घट्ट बंद करायची, जमलं तर तापवायची, अशी रीत होती आणि पक्षी आत आजारी पडत. प्रिन्स टी. वुड्स यांनी १९२४ साली मोकळ्या हवेच्या खुराड्यांवर पुस्तकच लिहिलं. त्यांच्या खुराड्याची दक्षिणेकडची बाजू नुसती जाळीची, हिवाळ्यातसुद्धा उघडी. बाकी तिन्ही बाजू घट्ट, आणि खोली इतकी लांब की पुढून आलेला वारा मागे बसलेल्या कोंबड्यांपर्यंत पोचत नाही.

मामा: वाऱ्याचं पटलं. पण वारा खेळता ठेवूनही ऊब देता येते. वर खिडकी उघडी, खाली एक दिवा. दोन्ही का नको? वीजबिलाची चिंता असेल तर तसं सांग.

भाची: बिलाची नाही, आगीची चिंता आहे. इथे जो ऊब देणारा दिवा सर्रास विकला जातो तो २५० वॅटचा. खाली कोरडा भुसा, हवेत पिसांची धूळ, आत पंख फडफडवणारे पक्षी. दिवा अडकवलेला आकडा निसटला की खेळ संपला. लाकडी खुराड्याला लागलेली आग घरापर्यंत जायला वेळ लागत नाही. इथे दर हिवाळ्यात अशा आगी लागतात, आणि त्या थंडीतून वाचवायला म्हणून लावलेल्या दिव्यांनीच लागतात.

मामा: तुझ्या देशात सपाट, बंद हीटर मिळतात. त्यांची काच फुटत नाही, तापून लाल होत नाहीत.

भाची: मिळतात, आणि दिव्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहेत. पण दुसरं कारण शिल्लक राहतं. थंडीची सवय हळूहळू होते. ऑक्टोबर, नोव्हेंबर गारठत जातात तशी कोंबडी जास्त खाते, जास्त ऊब तयार करते. आत पंधरा अंश ठेवले तर तिचं शरीर ही तयारी करतच नाही. मग एखाद्या रात्री वादळात वीज गेली तर? दोन-तीन तासांत पंधरावरून उणे वीस! जी कोंबडी उणे वीसला सरावली आहे ती त्या रात्री शांत झोपेल, आणि उबेत वाढवलेली मरेल. वीज गेल्यावर पिल्लांचं काय होतं ते मघाशी तुम्हीच सांगितलंत. मोठ्या कोंबडीला मी तसं परावलंबी का करू?

मामा: हं. वीज गेल्यावर काय, हा प्रश्न प्रत्येक पोल्ट्रीवाल्याने स्वतःला विचारला पाहिजे. पण मग माझ्याही एका प्रश्नाचं उत्तर दे. सगळ्या कोंबड्या सारख्या नसतात. एखादी उशिरा पिसं गाळते आणि डिसेंबरात अर्धी उघडी असते. एखादी म्हातारी, एखादी आजारातून उठलेली. "निसर्ग बघून घेईल" असं म्हणून तिलाही तू तशीच सोडणार?

भाची: नाही. तिला मी घरातल्या तळघरात आणते. तिथे दहा-बारा अंश असतात. फार ऊब नको, नाहीतर परत जाताना धक्का बसतो. पिसं भरली की परत खुराड्यात. पिल्लू, आजारी आणि पिसं नसलेली, या तिघांना ऊब द्यायचीच. तिथे माझा तुमच्याशी वाद नाही.

मामा: आणि तुला कळणार कसं, कुणाला सोसत नाही ते?

भाची: हे तुम्ही माझ्याहून चांगलं सांगाल.

मामा: सांगतो. निरोगी कोंबडी थंडीत पिसं फुलवून बसते, एक पाय पोटाशी घेते, पण खायला टाकलं की उठून येते. आजारी कोंबडी पिसं फुलवते आणि उठत नाही. मान आत ओढलेली, डोळे अर्धे मिटलेले, शेपटी खाली. हात लावला तर छातीचं हाड टोचतं. दिवसातून दोनदा प्रत्येकीकडे नीट बघायचं आणि आठवड्यातून एकदा प्रत्येकीला उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा. पिसांच्या खाली कोंबडी सुकत गेली तरी वरून कळत नाही. बाहेर कितीही थंडी असो, हे चुकवायचं नाही.

भाची: हे मी लक्षात ठेवीन. पायांचं विचारणार होतात ना तुम्ही? उघडे पाय बर्फावर कसे टिकतात?

मामा: विचारणारच होतो. पिसं अंगावर, पाय तर नागडे.

भाची: पायात मांस फारसं नसतं, स्नायूंच्या दोऱ्या आणि खवले. शिवाय पायाकडे जाणारी गरम रक्ताची वाहिनी आणि पायाकडून येणारी थंड रक्ताची वाहिनी एकमेकींना लागून जातात. खाली जाणारं रक्त आपली उष्णता वर येणाऱ्या रक्ताला देतं. त्यामुळे पाय थंड राहतो पण गोठत नाही आणि अंगातली ऊबही वाया जात नाही. तरी बर्फावर तासन्‌तास उभं राहणं चांगलं नाहीच. रात्री बसायला गोल, बारीक काठी ठेवली तर बोटं काठीला आवळून बसतात आणि पुढून उघडी राहतात. मी नऊ सेंटिमीटर रुंदीची सपाट फळी लावली आहे. तिच्यावर कोंबडी पाय पसरून बसते आणि पोटाची पिसं बोटांवर पूर्ण येतात. फळी लाकडाचीच हवी, लोखंडी नळी बोटांतली ऊब ओढून घेते.

मामा: फळीचं चांगलं केलंस. आता खालचं बघू. ही गादी किती जाड आहे?

भाची: पाइनच्या लाकडाचा भुसा आणि पेंढा, चार-पाच इंच.

मामा: कमी आहे. आमच्याकडे भाताचं तूस किंवा भुईमुगाची टरफलं घालतो. इथे भुसा चालेल, पण या थंडीत आठ-दहा इंच तरी कर. आणि दर आठवड्याला सगळी काढून टाकू नकोस. रोज थोडी खालीवर कर, ओली झालेली जागा तेवढी उचल, वर कोरडं घाल. गादी खालून हळूहळू कुजते आणि थोडी ऊब देते. फरशीचा गारठाही वर येत नाही. मूठभर घेऊन दाबायची. लाडू वळला तर ओली आहे, हात सोडल्यावर मोकळी झाली तर बरोबर. गुडघ्यावर बसून कोंबडीच्या उंचीवर वास घ्यायचा. माणूस उभा राहून वास घेतो, पण कोंबडीचं नाक खाली असतं.

भाची: कोंबडीच्या उंचीवर बसून वास घ्यायचा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मामा: आता पाण्याचं. खाल्ल्याच्या साधारण दुप्पट पाणी कोंबडी पिते. पाणी बंद तर खाणं बंद, खाणं बंद तर ऊब बंद. उणे वीसमध्ये तासाभरात बर्फ होत असेल.

भाची: म्हणून विजेची तार मी पाण्यापाशी नेली आहे. भांड्याखाली मंद तापणारी तबकडी असते, पाणी फक्त गोठू देत नाही. ती नसेल तर काळ्या रबराचं घमेलं ठेवायचं, ते आपटलं की बर्फ सुटतो. मग दिवसातून तीनदा कोमट पाणी. भांडं खुराड्याच्या बाहेर, आडोशाला ठेवते, म्हणजे सांडलेल्या पाण्याची ओल आत येत नाही. तोंड अरुंद, म्हणजे लेगहॉर्नच्या चोचीखालचं मांस भिजत नाही. काही जण म्हणतात कोंबड्या बर्फ खातात, चालतं. खातात हे खरं, पण बर्फ वितळवायला अंगातलीच ऊब खर्ची पडते. पाण्याची जागा बर्फाने भरून निघत नाही.

मामा: इथे मात्र माझं-तुझं पूर्ण जुळलं. एकच तार ओढायची असेल तर पाण्यासाठी ओढावी. आणि खायला? संध्याकाळी मका टाकतेस ना?

भाची: मूठभर, झोपायच्या आधी. गळ्यातली पिशवी भरलेली असली की रात्रभर पचन चालतं आणि त्यातून ऊब मिळते. पण मुख्य खाद्य मका नाही. पिसं बहुतांश प्रथिनांचीच बनतात, त्यामुळे १६ टक्के प्रथिनांचं अंड्यावरचं खाद्य, आणि पिसं गाळताना त्याहून थोडं जास्त. जमीन बर्फाखाली असते, तिला खडे टिपायला मिळत नाहीत, म्हणून बारीक खडीची वाटी वेगळी. धुळीत लोळायला राख आणि कोरडी माती, एका लाकडी खोक्यात. कोबीचा गड्डा दोरीला टांगते, तो टोचण्यात त्यांचा दिवस जातो. कंटाळलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, आणि उपटलेल्या जागी थंडी थेट कातडीला लागते.

मामा: पण बर्फात बाहेर कशाला सोडतेस? आतच ठेवायच्या ना!

भाची: सोडत नाही, दार उघडते. जायचं की नाही हे त्या ठरवतात. पहिल्या हिमात त्या उंबऱ्यावर थबकतात, पाय उचलून मागे घेतात. मी फावड्याने वाट काढून पेंढा पसरला की त्यावरून जातात. अंगणातल्या जाळीला वाऱ्याच्या बाजूने जाड प्लास्टिक लावलंय, आत ऊन येतं आणि वारा अडतो. जोराचा वारा असेल त्या दिवशी त्या स्वतःच आत राहतात. पण दिवसभर सगळ्या आत असल्या की ओल दुप्पट होते. ऊन, मोकळी हवा आणि हालचाल त्यांना हिवाळ्यातही हवी असते. वर जाळी मात्र पक्की हवी, कारण पांढऱ्या बर्फावर तांबडी कोंबडी ससाण्याला लांबून दिसते.

मामा: बरं, आता शेवटचं, आणि इथे मी सहजासहजी मागे हटणार नाही. अंडी. तुझ्या कोंबड्या नोव्हेंबरपासून बसून खातात. साताऱ्यात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो, तरी अंड्यावरच्या पक्ष्यांना आम्ही दिवा लावून उजेड सोळा तासांपर्यंत नेतो. इथे तर डिसेंबरात दिवस पावणेनऊ तासांचा! उजेडाची जाणीव कोंबडीला डोळ्यांइतकीच कवटीतून आत जाणाऱ्या प्रकाशाने होते. चौदा तासांच्या खाली उजेड गेला की अंडी कमी होत जातात. पहाटे पाचला लागणारा एक छोटा, गार एलईडी दिवा लावलास तर आग लागणार नाही आणि अंडी मिळतील.

भाची: मिळतील, हे मला माहीत आहे. पण हिवाळा ही त्यांची विश्रांती आहे. पिसं नवी करायची, वजन भरून काढायचं...

मामा: आणि दिवा लावला तर अंडी लवकर संपतील, असं म्हणणार असशील तर ते खरं नाही. कोंबडीच्या अंडाशयात हजारो बीजांडं असतात. आयुष्यात ती त्यातली थोडीच घालते.

भाची: ते मी म्हणत नाही. अंडी संपण्याची भीती नाही. पण पिसं गाळणाऱ्या कोंबडीला प्रथिनं पिसांसाठी हवी असतात. त्याच वेळी अंड्यांसाठीही मागितली तर दोन्ही अर्धवट राहतात. तुमच्या शेडमधल्या कोंबड्या ७२-८० आठवड्यांना विकल्या जातात, त्यांना तिसरा-चौथा हिवाळा बघायचाच नसतो. माझ्या कोंबड्यांनी सात-आठ वर्षं जगावं असं मला वाटतं.

मामा: तो तुझा हिशेब, आणि घरच्या सहा कोंबड्यांना तो परवडतो. पण माझी एक गोष्ट ऐक. इथली रात्र पंधरा तासांची. अंधारात कोंबडी खात नाही. थंडीत जास्त खायची गरज, आणि खायला वेळ मात्र सर्वांत कमी. पिसं भरल्यावर सकाळी दोन तास उजेड दिलास, तर तो अंड्यासाठी नसला तरी तिच्या पोटासाठी आहे. आणि देशील तर सकाळीच दे. संध्याकाळी दिवा एकदम विझला तर त्या अंधारात फळीवर चढू शकत नाहीत, रात्रभर खालीच गारठतात.

भाची: पोटासाठी दोन तास उजेड, पिसं भरल्यानंतर, हे मी मान्य करते. चौदा तास मात्र नाही.

मामा: आणि मी शेड चालवत असतो तर सोळा तास दिले असते. हा फरक राहू दे.

वाद इथे संपत नाही आणि तो संपवायची गरजही नाही. उजेड किती द्यायचा, हे कोंबडी कशासाठी पाळली आहे त्यावर ठरतं. व्यवसाय आणि घरचं अंगण यांची उत्तरं वेगळी असणारच. उबेचं उत्तर मात्र मला स्पष्ट दिसतं. पिसं भरलेल्या, निरोगी, लहान तुऱ्याच्या कोंबडीला बर्फाळ हिवाळ्यात तापवलेलं खुराडं लागत नाही. तिला कोरडी हवा लागते, अंगावर झोत न येणारा आडोसा लागतो, न गोठलेलं पाणी, पोटभर खाद्य, जाड गादी आणि रुंद फळी लागते. ऊब पिल्लांसाठी, आजारी आणि पिसं नसलेल्या कोंबड्यांसाठी राखून ठेवावी. भाचीचं म्हणणं तिच्या बाजूने खरं ठरतं. पण ते खरं ठरवायला मामांचा डोळा लागतो: रोज दोनदा बघणारा, उचलून वजन पाहणारा, गुडघ्यावर बसून वास घेणारा. दिवा न लावण्याचा निर्णय घेतला की ही मेहनत आपोआप पाळणाऱ्याकडे येते.

मिनेसोटा असो, कॅनडा असो, की आपल्याकडचं हिमाचल आणि काश्मीर असो, बर्फात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. तयारी पहिल्या हिमाच्या आधी, ऑक्टोबरातच करा. छपराखालच्या खिडक्या उघडतात का ते बघा, कोंबड्यांच्या उंचीवरच्या फटी बुजवा, गादी वाढवा, फळी रुंद करा, पाणी गोठणार नाही याची व्यवस्था लावून ठेवा. अंडीसुद्धा दिवसातून दोन-तीनदा गोळा करावी लागतील, कारण पारा शून्याच्या थोडा खाली गेला तरी ती तडकतात. कडाक्याच्या सकाळी, सुट्टीच्या दिवशी, अंगात ताप असतानाही कुणीतरी खुराड्यापर्यंत गेलंच पाहिजे. हे जमणार असेल तरच बर्फाच्या मुलखात कोंबड्या पाळा. नसेल तर पाळू नका.